निलम्माचा हात

जगदेवी माणसं हातावरनं ओळखायची.

धाराशिव-भूम गाडीवर कंडक्टर म्हणून तिला अकरा वर्षं झाली होती. उभ्या प्रवाशांच्या गर्दीत माणसाचं तोंड दिसायच्या आधी त्याचा हात पुढं येतो. ऊसतोडीचा हात काळा, पाचटानं चिरलेला. मास्तरांचा हात धुतलेला, नखं कापलेली. बाजारातनं परतणाऱ्या भाजीवालीच्या बोटांना मेथीचा वास. पण जगदेवीची नजर अडकायची ती म्हाताऱ्या बायांच्या हातावर. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट पडलेलं गोंदण. मशीनमधनं तिकीट निघेपर्यंत जे दोन-चार क्षण मिळतात तेवढ्यात ती ते डोळ्यांनी वाचून घ्यायची. तुळस. पाळणा. विंचू. कुणाचं नुसतं नाव, तेही पुसट.

एखादी म्हातारी विचारायची, "काय बघायलीस गं माय?"

"काय न्हाय आज्जी, सुट्टे हायत का बघायले," असं म्हणून ती पुढं सरकायची.

खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची आई आठवत नव्हती. सास्तूरला भूकंप झाला तेव्हा जगदेवी तीन वर्षांची होती. मामा आठ दिवस आधी तिला गणपती दाखवायला म्हणून मुरूमजवळच्या आपल्या गावी घेऊन गेला, म्हणून ती वाचली. आई गेली, बाप गेला, घर गेलं, आणि घरातल्या पेटीत असलेला लग्नाचा एकुलता एक फोटोही गेला. आईबद्दल तिच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. एक नाव, निलम्मा. आणि दुसरं म्हणजे मामी कधीतरी शेजारणीला सांगताना कानावर पडलेलं एक वाक्य: "गोंदणावरनं ओळखली तिला, न्हायतर कशी ओळखली असती?"

सात-आठ वर्षांची असताना तिनं एकदा मामाला विचारलं होतं. सिद्रामप्पामामा ताटावरनं उठला, रानात गेला आणि दिवस मावळला तरी जेवायला आला नाही. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

ती पस्तिशीची झाली, आईपेक्षा तेरा वर्षांनी मोठी झाली, आणि मग तिच्या मुलीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला.

सृष्टी आठवीत होती. ढोकीच्या घरात जमिनीवर मोठा पांढरा कागद पसरून ती फोटो चिकटवत बसली होती. बापाच्या बाजूची फांदी भरली. आईच्या बाजूला एक चौकोन मोकळा राहिला.

"तुझ्या आईचा फोटो दे की गं."

"फोटो न्हाय."

"मग दिसायची कशी? मी चित्र काढते."

जगदेवी भाजी निवडत होती, ती तशीच थांबली. पोरीनं सहज विचारलं होतं. पण आपल्याला आपल्या आईचं नाकसुद्धा सांगता येत नाही, हे तिला पहिल्यांदाच असं लख्ख उमगलं.

"इच्यारून सांगते," ती म्हणाली.

दसऱ्याच्या तोंडाला साप्ताहिक सुट्टी आली तशी ती एकटीच मुरूमच्या गाडीत बसली.

मामा ओसरीवर बसून पेरणीसाठी हरभऱ्याचं बी निवडत होता. साठीला टेकलेला, सडपातळ, मितभाषी माणूस. जगदेवीनं पाणी पिऊन घेतलं, मामीशी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, आणि मग धीर करून मामासमोर बसली.

"मामा, माझ्या आईच्या हातावर गोंदण हुतं म्हणत्यात. काय हुतं त्यात?"

मामाची बोटं बियात फिरत राहिली. मामी दारातच थबकली. मग मामानं सूप बाजूला सारलं आणि उठला. गेला, जगदेवीच्या मनात आलं, परत रानात गेला.

मामा अंगणाच्या कडेला, जिथं बारीक फुफाटा होता तिथं जाऊन उकिडवा बसला. हाताच्या तळव्यानं त्यानं वीतभर जागा सारखी केली. निंबाची एक काडी उचलली. आणि तो काढायला लागला.

ह्या माणसाला सही करायची म्हटली तरी बोटं अवघडायची, घाम फुटायचा. सोसायटीच्या कागदावर तो अंगठाच बरा म्हणायचा. तो माणूस आता मातीत ओळी उमटवत होता आणि काडी कुठं अडत नव्हती. खाली मनगटापाशी पाच ठिपके एका रेषेत. त्याच्यावर बेलाचं पान, तीन दळांचं, मधल्या दळात ज्वारीच्या दाण्याएवढं लिंग. पानाभोवती सात ठिपके, त्यातला एक जरा बाहेर सरकलेला. मामानं तो मुद्दाम बाहेरच ठेवला. त्याच्यावर विंचू. दोन नांग्या, मग पाय. पाय काढताना मामाचे ओठ हलत होते, तो मोजत होता. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. मग अंगाचे मणके, मग शेपूट वर वळायला लागली, आणि अर्ध्यात काडी थांबली.

"म्होरं?" जगदेवीनं विचारलं.

"म्होरं न्हाय. शेपूट अर्धीच हुती."

अंगणात एक कोंबडी पाय टाकत आली, तशी मामी धावत येऊन तिला हुसकून गेली. जगदेवी त्या मातीकडं बघत राहिली. बत्तीस वर्षं हे चित्र ह्या माणसाच्या डोळ्यात होतं. पावसाळे आले, पेरण्या झाल्या, पोरांची लग्नं झाली, आणि एक ठिपका हलला नव्हता.

मामा काडीकडं बघत बोलायला लागला.

"सकाळीच सायकल काढली. पोचलो तर गाव कुठं? नुसता दगडांचा ढीग. उकरता उकरता दुपार कलली. मंग हात दिसला. बाकीचं काय सांगत न्हाय तुला. इंचू दिसला, म्या वळीखलं. लोक म्हणत हुते, कुणाची वळख पटंना, समद्यांना एकजागीच अग्नी देऊ. म्या म्हणलं, माझ्या भनीची पटलीया. आमच्यात माती देत्यात. तुझ्या बापाची मातूर पटली न्हाय. तिला तेवढं रानात नेलं. खड्डा हुईस्तोवर, बेल-भस्म येईस्तोवर, तिचा हात हातात धरून बसलो. दुसरं बघायसारखं काय हुतं? तेच बघितलं. ठिपका न् ठिपका."

एवढं सलग बोललेला मामा जगदेवीनं जन्मात पाहिला नव्हता. त्याचे डोळे कोरडे होते. तिचे नव्हते.

तिनं मोबाईलवर फोटो काढले, तरी समाधान होईना. मग कागद-पेन मागून तिनं मामाशेजारी बसून ते सगळं उतरून घेतलं. मामा दुरुस्त्या सांगत होता. "तो ठिपका तितं न्हाय. जरा भायेर."

निघताना तिनं विचारलं, "शेपूट अर्धीच का हो?"

"ते मला ठावं न्हाय. सास्तूरला मथुराबाई हाय, तुमची शेजारीण. तिला ठावं असंल."

दिवाळीनंतर जगदेवी सास्तूरला गेली. वर्षातनं एकदा ती आईच्या समाधीवर बेल वाहायला यायची आणि तशीच परत फिरायची, गावात शिरायची नाही. नव्या गावठाणात सगळे रस्ते सरळ, घरं एकसारखी. एका दुचाकीवाल्यानं घर दाखवलं. पंचाहत्तरीची मथुराबाई दारात ऊन खात बसली होती. नाव सांगितल्यावर तिनं जगदेवीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"निलम्माची? ती तीन वर्साची?"

"व्हय."

म्हातारी उठून आत गेली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. जगदेवीनं कागद उघडून तिच्या मांडीवर ठेवला. मथुराबाईनं चष्मा नाकावर ओढला, बोट फिरवत फिरवत वर गेली, आणि अर्ध्या शेपटीवर आल्यावर खुदकन हसली.

"मेली अर्ध्यातनंच उठली की गं! आमी दोघी एकाच दिशी गोंदून घेतलं. ही बघ माझी तुळस." तिनं आपला हात पुढं केला. सुरकुत्यांत तुळशीचं वृंदावन विरघळल्यासारखं दिसत होतं. "गोंदणारी बाई आली हुती. तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, आन् दिव्याचं काजळ. माझा पयला नंबर. म्या लई बोंबलले. निलम्मा मातूर हसायची. ह्या बाईनं सुई टोचली की ही मलाच इच्यारायची, मथुराक्का, तुला दुखतंय का? सासूनं सांगितलं म्हणून न्हाय बसली ती. सासू म्हणली हुती, दोन ठिपके घे, लई झालं. इंचू तिनं हट्टानं मागून घेतला. म्हणली, माझ्या वाट्याला कुणी जायचं न्हाय."

"मग उठली का?"

मथुराबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू एवढी साधी गोष्ट हिला कशी ठाऊक नाही.

"तू रडलीस म्हणून. पाच म्हयन्याची हुतीस, आत पाळण्यात. निम्मी शेपूट झाली आन् तू टाहो फोडलास. हिनं हिसडा मारून हात सोडवून घेतला आन् पळाली आत. गोंदणारीण वरडतीया, अगं बाई, शेपूट राह्यली! आतनं आवाज आला, राहू द्या, पोर भुकेजलीया. शेपूट पुढल्या वर्सी."

"आन् पुढल्या वर्सी?"

"ती बाई त्या सालाला आली तवा निलम्मा खुरपायला गेलती. त्याच्या पुढल्या सालाला बाई फिरकलीच न्हाय. आन् मंग..." मथुराबाईनं वाक्य सोडून दिलं.

जगदेवी परतीच्या गाडीत खिडकीला बसली. त्या दिवशी ती प्रवासी होती, कुणाचं तिकीट काढायचं नव्हतं. बाहेर तुरीला पिवळा बहर होता. ती मनातल्या मनात एकच घोकत होती: शेपूट पुढल्या वर्सी. शेपूट पुढल्या वर्सी. आईच्या तोंडचं वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ती विंचवाची शेपूट अर्धी राहिली ती तिच्या रडण्यानं. म्हणजे मामानं ज्या खुणेवर आईला ओळखलं, त्या खुणेत ती स्वतः होती, पाच महिन्यांची. हे इतकं मोठं होतं की तिला ते एकदम धरता येईना. ती थोडं धरायची, सोडायची, बाहेर बघायची, पुन्हा धरायची. ढोकीचा फाटा आला तेव्हा तिचं ठरलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा शांतलिंग, तिचा नवरा, टायरचं काळं लागलेले हात रॉकेलनं धूत होता. उसाच्या ट्रॅक्टरांची पंक्चरं काढायचं त्याचं दुकान. गळीत हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसायची.

"फ्रेम करून भिंतीला लाव की," तो म्हणाला. "हातावर कशाला?"

"हातावरचंच हाय ते."

"अगं, तू चारचौघांत हात पुढं करणारी बाई. लोक काय म्हणत्याल? ह्या वयात बाईला हे कसलं खूळ?"

"तुमच्या हातावर हाय की."

"गड्याचं येगळं असतंय."

"त्यात तुमचं नाव बी चुकलंय."

हे खरं होतं. तरुणपणी जत्रेत शांतलिंगानं हौसेनं हातावर आपलं नाव काढून घेतलं होतं, आणि मशीनवाला पहिल्या अक्षरावरचा टिंब विसरला होता. पंधरा वर्षं तो 'शातलिंग' म्हणून हिंडत होता आणि त्याला कुणी एका शब्दानं टोकलं नव्हतं. सृष्टी तोंड दाबून हसली. शांतलिंग पुन्हा हात चोळायला लागला.

खरा विरोध कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. सासू गंगम्मा. तिच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण होतं. तीच पाठीशी उभी राहील असं जगदेवीला वाटलं होतं.

"म्या सात वर्साची हुते," गंगम्मा म्हणाली. "दोन चुलत्या पायावर बसल्या, एकीनं डोकं धरलं. तोंडात पदराचा बोळा. कुणी इच्यारलं न्हाय, गंगे, तुला पायजे का. पुण्याला नातवाच्या लग्नात पोरी माझ्या हनवटीचा फोटो काढायल्या, ते बी मला न इच्यारता. आन् नवरीच्या आईनं मला मागल्या रांगेत नेऊन बशिवलं, फोटूत यिऊ न्हाय म्हणून. कशीबशी ती रीत मेली. आन् तू आपल्या पायानं चाललीस व्हय तिला उठवायला?"

सासूचं खोटं नव्हतं. महिनाभर ती कागद घडी करून तिकिटाच्या बॅगेत घेऊन हिंडली. रात्रंदिवस तिच्या डोक्यात दोन हात होते. एक सात वर्षांच्या गंगीचा, तीन जणींनी दाबून धरलेला. दुसरा निलम्माचा, विंचू मागून घेणारा आणि बाळ रडताच हिसडा मारून सुटणारा. एकच सुई, एकच काजळ. शेवटी एके दुपारी सासूचे पाय चेपता चेपता तिनं मथुराबाईनं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. गंगम्मा डोळे मिटून ऐकत होती.

"आत्या, तुमाला धरून बशिवलं. मला कुणी धरणार न्हाय. नको वाटलं तर उठून यीन."

डोळे न उघडताच गंगम्मा म्हणाली, "म्या न्हाय म्हणत न्हाय. पर व्हय बी म्हणणार न्हाय."

धाराशिवात एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर अर्पिताचा टॅटू स्टुडिओ होता. पंचविशीची पोरगी, दोन्ही हात खांद्यापर्यंत चित्रांनी भरलेले. जगदेवी खाकी गणवेशात आत आली तेव्हा अर्पिताला वाटलं, पार्सल आलं असावं. तिच्याकडं यायची ती बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी. कुणाला नाव काढायचं असे, आणि वर्षभरानं त्याच नावावर फूल काढून ते झाकायचं असे.

तिनं कागद निरखला. "मावशी, जुनं डिझाइन आहे. छान आहे. हा ठिपका आत घेते आणि ही शेपूट पूर्ण करते, चालेल?"

"न्हाय. जसं हाय तसंच."

"पण अर्धवट दिसेल. लोक मला नावं ठेवतील, की हिला येत नाही."

मग जगदेवीनं तिला सांगितलं. खुर्चीच्या काठावर बसून, बॅग मांडीवर घेऊन, मामाच्या सायकलपासून मथुराबाईच्या दारापर्यंत सगळं. सांगून झाल्यावर अर्पिता उठली, लावलेली गाणी बंद केली, आणि मघाशी धुतलेले हात पुन्हा एकदा धुऊन आली.

"मशीन नको," ती म्हणाली. "हातानं टोचते, एकेक ठिपका. वेळ लागेल, दुखेलही जास्त. पण ते तसंच झालं होतं ना."

"माझी आई हसत हुती म्हणं."

"तुम्ही हसू नका, हात हलेल."

तीन तास लागले. मनगटाजवळ हाड लागलं तेव्हा जगदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्पिता मान वर न करता बोलत होती, बहुधा जगदेवीचं लक्ष दुसरीकडं राहावं म्हणून. तिची आई तिला नातेवाइकांच्या हळदीकुंकवाला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायला लावते. दोन स्थळं हातांवरनं परत गेली. एकांनी तोंडावर विचारलं, मुलगी चांगल्या वळणाची आहे का? "मी म्हटलं, वळणाचंच तर काम करते मी." दोघीही हसल्या आणि अर्पितानं सुई क्षणभर उचलून धरली.

बेलाचं पान झालं. सात ठिपके झाले, एक बाहेर. नांग्या झाल्या, पाय झाले. शेपूट वळायला लागली आणि अर्ध्यावर अर्पिताची सुई थांबली. तिनं ओल्या कापसानं हात पुसला आणि मागं सरकली.

काळ्या उशीवर हात पालथा पडला होता. जगदेवीनं पाहिलं. रोज हजार हात बघणारी बाई ती. ह्या हातानं अकरा वर्षं तिकिटाचं मशीन पेललं होतं, भाकरी थापली होती, पोर न्हाऊ घातली होती, आणि आता तो तिला आपला वाटेना. तो हात तिच्याआधीचा होता. तो दगडांखालनं वर आला होता. तिला तो उचलायचाही धीर होईना. अर्पिता काय करावं ते न कळून पाणी आणायला गेली. जगदेवीनं मग दुसऱ्या हातानं तो हात अलगद धरला, कोपराखालनं, तान्ह्या पोराचं डोकं धरावं तसा, आणि तशीच बसून राहिली. कुणीतरी आपला हात धरलाय असं तिला वाटत होतं, आणि आपणही कुणाचातरी धरलाय असं.

घरी शांतलिंगानं बघितलं आणि म्हणाला, "नीटनेटकं आलंय." त्याच्या तोंडून तेवढंच निघालं, पण रात्रीच्या भांड्यांना त्यानंच हात लावला, तिच्या हाताला पाणी लागू नये म्हणून. गंगम्मानं दोन दिवस त्या हाताकडं बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी सूज दिसली तशी तिनं खोबरेल तेलात हळद कालवली.

"आन इकडं."

"आत्या, त्या पोरीनं मलम दिलंय."

"मलम बी लाव. आधी हे." म्हातारीची बोटं विंचवाभोवती हलकेच फिरली. "मला आवडलेलं न्हाय अजून. पर काम सुबक हाय. माझ्या वक्ताला मला असं शांतपणे कुणी बसू दिलं असतं तर..." पुढचं तिनं तेलाबरोबर चोळून टाकलं.

कामावर पहिले काही दिवस कठीण गेले. पूर्वी जगदेवी दुसऱ्यांचे हात वाचायची, आता सगळी गाडी तिचा हात वाचत होती. एका सफारीवाल्यानं तिकीट घेता घेता म्हटलं, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, हे काय काढलंत?" एकीनं गोंदणावर नजर ठेवून सरळ जात विचारली. एका साहेबांनी चौकशी केली, गणवेशात असलं चालतं का. पुढं त्याचं काही झालं नाही. कॉलेजच्या पोरी फोटो मागायच्या, जगदेवी म्हणायची, "आधी इच्यारलंत, बरं केलंत. काढा." आणि बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बाया आपला हात तिच्या हाताशेजारी धरायच्या, तुळस विंचवाशेजारी, पाळणा बेलाशेजारी. एक जण म्हणाली, "माय, सोनंनाणं हितंच ऱ्हातंय. हे तेवढं संगं येतंय." ज्यांनी वर्षानुवर्षं पदराखाली दडवलं होतं त्या बायांनी भर गाडीत हात कोपरापर्यंत उघडे केलेले बघून ड्रायव्हरसुद्धा आरशात बघत राहिला.

मामाला मात्र तिनं काही कळवलं नव्हतं.

मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली. त्या दिवशी ह्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळं गाव रानात जेवतं. मामाच्या शेतात पूजेसाठी कडब्याची कोप, लहानशी खोपी, उभी होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भोवती ज्वारी कमरेला लागलेली. मामी शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं उतरवत होती. शांतलिंग, सृष्टी, आणि नको नको म्हणत आलेली गंगम्मा घोंगडीवर बसली. पूजा झाली, पंगत बसली आणि जगदेवी वाढायला उठली. हिवाळा होता, तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. अंबिलाचं मडकं उचलताना तिनं बाही वर सारली.

मामानं वाटी पुढं केली होती. अंबील ओतायला हात खाली आला आणि मामाची वाटी कलंडली.

त्यानं वाटी खाली ठेवली, धोतराला हात पुसला आणि तिचं मनगट धरलं. अंगठा पाच ठिपक्यांवरनं सरकला. पानावर आला. बाहेरच्या ठिपक्यापाशी थांबला. मग विंचवाचे पाय. त्याचे ओठ हलत होते. पंगतीत कुणी घास उचलेना. अर्ध्या शेपटीवर अंगठा आला आणि तिथंच राहिला, आणि मामा जगदेवीच्या तोंडाकडं न बघता त्या हाताकडं बघून म्हणाला,

"ऊटा आतेनव्वा?"

जगदेवीनं मामाच्या तोंडून कन्नड कधी ऐकलं नव्हतं. मामीनं तोंडाला पदर लावला. "दोघं भाऊ-भन आपसात कन्नडच बोलायची," ती पुटपुटली. "ती गेल्यापसनं ह्येनी एक सबूद काढला न्हवता."

जेवलीस का गं, असं विचारलं होतं त्यानं.

जगदेवीनं हात सोडवून घेतला नाही. "न्हाय मामा. अजून जेवले न्हाय."

"मग बस की," मामा म्हणाला आणि घोंगडीवर सरकून त्यानं शेजारी जागा केली. मडकं गंगम्मानं तिच्या हातातनं काढून घेतलं आणि वाढायला ती उठली. मामानं बाजरीचा वाफवलेला उंडा मोडला, भज्जीत कालवला, आणि पहिला घास तिच्या पानात ठेवला.